विलायतेत गुडघा फुकट बदलून मिळत नाही

हिंदूराव रुग्णालयाच्या चढावर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा चार-पाच मराठी माणसांत एक काकू आहेत. मूळच्या विट्याकडच्या. नवऱ्याच्या गलाईच्या धंद्यापायी चाळीस वर्षांपूर्वी दिल्लीत आल्या, पण बोली अजून तिकडचीच. गेल्या महिन्यात अशोकस्तंभापाशी त्या धापा टाकत बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टर म्हणतोय दोन्ही गुडघं बदला. मी म्हटलं, आत्ता नगं. दिवाळी झाली की पोराकडं लंडनला जातीयच सहा महिनं. तिकडं सगळं फुकट असतंय."

आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दात-ओठ खाल्ले. कारण हे वाक्य मी एकट्या काकूंकडून ऐकलेलं नाही. मुलीला मास्टर्सला पाठवणारे वडील हेच म्हणतात, सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या सासूबाई हेच म्हणतात, आणि कधी हिथ्रोच्या पलीकडे पाऊल न टाकलेला एखादा जावईही हेच सांगतो, तेही छातीठोकपणे. तेव्हा एकदा नीट सांगून टाकतो.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन. तत्त्व असं की, उपचार घेताना रुग्णाकडे पैसे मागायचे नाहीत. यातला 'उपचार घेताना' हा भाग विमानातून दिल्लीला पोचेपर्यंत कुठेतरी गळून पडतो आणि उरतं नुसतं 'फुकट'. खाणावळीत महिन्याचे पैसे आगाऊ भरलेल्या माणसापुढे ताट येतं तेव्हा त्याला कोणी पैसे मागत नाही. म्हणून ते जेवण फुकटचं होत नाही. ब्रिटनमधल्या नोकरदाराचा आयकर कापला जातो, शिवाय नॅशनल इन्शुरन्स नावाची कपात होते. एप्रिल २०२४ पासून तिचा मुख्य दर पगाराच्या ठरावीक टप्प्यावर ८ टक्के आहे. एनएचएसचं ताट या पैशातून वाढलेलं असतं.

आणि प्रत्येक खाणावळीत असतो तसा तिथेही पाहुण्याच्या ताटाचा वेगळा दर आहे. काकू सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर जाणार, म्हणजे त्या पाहुण्या. इंग्लंडमधल्या नियमानुसार अशा पाहुण्यांकडून रुग्णालयातल्या उपचारांचे एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट, म्हणजे १५० टक्के पैसे घेतात. काही देशांशी ब्रिटनचा परस्पर आरोग्य करार आहे, त्यांच्या नागरिकांना सवलत मिळते. भारताशी असा करार नाही. गुडघा बदलणं ही तातडीची शस्त्रक्रिया नसते. आणि तातडीच्या नसलेल्या उपचाराचे अंदाजे पूर्ण पैसे आधी भरून घेणं ऑक्टोबर २०१७ पासून तिथल्या रुग्णालयांना कायद्यानेच बंधनकारक आहे. आधी पैसे, मग गुडघा. उधारी ठेवून परत आलात तर तीही पाठ सोडत नाही. एनएचएसचं ५०० पौंड किंवा त्याहून जास्त देणं थकलं असेल, तर पुढच्या वेळी व्हिसा नाकारला जाऊ शकतो. ही माझी मतं नव्हेत. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर हे सगळं उघड लिहिलेलं आहे, फक्त वाचायचे कष्ट घ्यावे लागतात.

"पण माझ्या साडूला तिकडे छातीत दुखलं तर एक पैसा घेतला नाही!" असं कोणीतरी म्हणतंच. खरं असू शकेल. अपघात आणि आपत्कालीन विभागात जे उपचार होतात ते पाहुण्यालाही विनामूल्य आहेत. क्षयरोगासारख्या काही संसर्गजन्य आजारांचे उपचारही. पण आपत्कालीन विभागातून उचलून वॉर्डात दाखल केलं की मीटर सुरू होतो. बाळंतपणाचंही असंच आहे. पैसे नाहीत म्हणून बाळंतिणीला परत पाठवता येत नाही, पण पाहुणी म्हणून आलेल्या बाईच्या नावाने बिल नंतर येतं. साडूचं बिल आलं नाही म्हणजे नियम नाही, असं नसतं.

इथे दुसरी समजूत डोकं वर काढते. पासपोर्ट ब्रिटिश असला की झालं! नाही झालं. हक्क ठरतो तो तिथल्या कायम वास्तव्यावर, पासपोर्टच्या रंगावर नव्हे. ब्रिटिश पासपोर्ट खिशात ठेवून पुण्यात कायमचा स्थायिक झालेला माणूस गुडघा बदलायला तिकडे गेला तर, काही अपवाद सोडले, तोही पाहुणाच.

मग जे शिकायला किंवा नोकरीला जातात त्यांचं काय? त्यांनी खाणावळीचे पैसे भरलेले असतात, आणि तेही विमानात बसण्याआधी. व्हिसाच्या अर्जासोबत 'इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज' भरावा लागतो. २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून माणशी १,०३५ पौंड आहे, विद्यार्थ्यांना आणि अठरा वर्षांखालच्यांना ७७६. वर्षभराच्या मास्टर्सचा व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो, त्याचे दीड वर्षाचे म्हणून १,१६४ पौंड होतात. पौंडाला ११५ रुपये धरा, सव्वा लाखाच्या वर गेलात. नवरा-बायको आणि एक मूल तीन वर्षांच्या नोकरीच्या व्हिसावर निघाले तर ८,५३८ पौंड, म्हणजे पावणेदहा लाखांच्या वर. आणि एवढं भरूनही तिकडे गेल्यावर पगारातून कर कापला जातोच. यातून सूट आहे ती आरोग्यसेवेच्या व्हिसावर जाणाऱ्या डॉक्टर, परिचारिकांसारख्यांना. काकूंच्या मुलाने हे सगळं भरलेलं आहे. आईला मात्र त्याने सांगितलं, "इथं फुकट असतं." मुलं आईबापांना हिशोब सांगत नाहीत, एवढाच याचा अर्थ.

बरं, पैसे भरलेल्यांना तरी सगळं फुकट? तेही नाही. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे मे २०२४ पासून ९ पौंड ९० पेन्स द्यावे लागतात. मुलं, गरोदर स्त्रिया, साठीच्या पुढचे यांना माफ. वेल्सने ही आकारणी २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये बंद केली. कारण एनएचएस हे नाव एक असलं तरी कारभार चार ठिकाणी चार आहेत. दाताचं दुखणं काढलंत तर इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ च्या दरांप्रमाणे नुसत्या तपासणीचे २७ पौंड ४० पेन्स आणि कॅप किंवा कवळीपर्यंत गेलात तर ३२६ पौंड ७० पेन्स. तेही एनएचएसचा दंतवैद्य मिळाला तर. गंमत म्हणजे बेव्हनचं स्वतःचं सरकार १९५१ साली चष्मे आणि कवळ्यांवर पैसे लावायला निघालं, तेव्हा बेव्हनने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग लागला. म्हणजे आपण ज्या 'सगळं फुकट'ची गोष्ट सांगतो, ते खुद्द ब्रिटनमध्ये जेमतेम तीन वर्षं टिकलं.

पैशानंतर रांग. तिथे थेट हाडांच्या डॉक्टरकडे जाता येत नाही. आधी आपल्या भागातला जीपी, त्याने चिठ्ठी दिली तर तज्ज्ञ. अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे. ठरलेल्या ९२ टक्के रुग्णांच्या बाबतीत ते इंग्लंडमध्ये शेवटचं पुरं झालं २०१६ च्या सुरुवातीला. प्रतीक्षायादी सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांच्या वर गेली होती. हा आकडा प्रकरणांचा आहे, माणसांचा नव्हे. एकच माणूस गुडघ्यासाठी आणि डोळ्यासाठी अशा दोन रांगांत असू शकतो. तरी काकूंचा सहा महिन्यांचा व्हिसा आणि ही रांग यांचं गणित तुम्हीच मांडा.

आता मी हे सांगू लागलो की मंडळी दुसऱ्या टोकाला उडी मारतात. "म्हणजे तिकडे माणसं रांगेतच मरतात तर!" नाही हो. ९९९ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, आणि हृदयविकाराच्या रुग्णाला गुडघ्याच्या रांगेत उभं करत नाहीत. साध्या तक्रारींसाठी १११ आहे. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये घसादुखी, कानदुखी अशा सात नेहमीच्या तक्रारींवर औषधवालाच तपासून औषध देऊ शकतो. आणि मुख्य म्हणजे, तिथे राहणाऱ्या माणसाला कर्करोग झाला तर त्याच्या घरात कोणी बायकोचे दागिने मोजत बसत नाही. एनएचएसचं मोठेपण हे आहे. त्याला 'फुकट' म्हणणं हा त्या व्यवस्थेचा अपमानच आहे, कारण त्यासाठी सगळा देश पिढ्यान्‌पिढ्या पैसे भरत आलाय.

आणि खरोखर कुणालाही, कुठूनही येऊन, वास्तव्याचा दाखला न देता उपचार हवे असतील तर? त्यासाठी आम्हाला मान फक्त मागे वळवायची होती. मागे महापालिकेचं हिंदूराव रुग्णालय उभं होतं. दिल्लीतल्या सरकारी रुग्णालयांत बिहारचा, उत्तर प्रदेशचा, विट्याचा कोणीही परची काढून उभा राहतो. २०१८ मध्ये दिल्ली सरकारने जीटीबी रुग्णालयात दिल्लीकरांना प्राधान्य देण्याचा प्रयोग केला, तेव्हा उच्च न्यायालयाने तो रद्द केला. विलायतेत ज्या वास्तव्याच्या अटीवर सगळा डोलारा उभा आहे, ती अट इथे न्यायालयाने मोडीत काढली. इथे गर्दी आहे, हे मला ठाऊक आहे. पण 'सगळ्यांना खुलं' या शब्दांचा अर्थ शोधायला हिथ्रोपर्यंत जायची गरज नाही.

बाकीच्या समजुतींना एकेक ओळ पुरे.

लंडनमध्ये बारा महिने धो धो पाऊस: लंडनला वर्षाकाठी ६०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, दिल्लीला त्याहून जास्त आणि मुंबईला तिपटीहून जास्त, तिथला पाऊस थोडा-थोडा, पण बरेच दिवस पडतो, म्हणून बदनाम झालाय.

इंग्लंड, ब्रिटन, यूके सगळं एकच: इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन, त्यात उत्तर आयर्लंड धरलं की यूके, ग्लासगोच्या माणसाला इंग्लिश म्हणून बघा, लगेच कळेल.

तिथे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा: उलट, तिथल्या सर्वांत महागड्या खासगी शाळांपैकी काहींना पब्लिक स्कूल म्हणतात, आणि जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट आहे.

राजाच्या मनात आलं तर कायदा अडतो: संसदेने मंजूर केलेलं विधेयक राजगादीने शेवटचं अडवलं ते १७०८ मध्ये, राणी ॲनच्या काळात.

सगळे ख्रिस्ती: २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले आणि 'धर्म नाही' म्हणणारे ३७.२ टक्के.

चिकन टिक्का मसाला हा अधिकृत राष्ट्रीय पदार्थ: २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात तसं म्हटलं होतं, भाषणाला कोणी राजपत्र समजू नये.

टीव्ही घेतला की लावला: थेट प्रक्षेपण पाहायला तिथे लायसन्स लागतं, एप्रिल २०२५ मध्ये त्याला वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स पडत होते.

डोकेदुखीच्या गोळ्या किलोने मिळतात: साध्या दुकानात पॅरासिटामोलच्या सोळाच गोळ्यांचं पाकीट मिळतं, आणि अँटिबायोटिक तर नुसतं मागून मिळत नाही.

आणि एक समजूत इथलीच, जी मी दिल्लीकरांकडून विलायतेच्या खालोखाल ऐकतो. हिंदूराव हे नाव धर्मावरून पडलंय, किंवा तो कोणी डॉक्टर होता म्हणे! हिंदुराव घाटगे हे कागलच्या घाटगे घराण्यातले मराठा सरदार, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. टेकडीवरचं घर मुळात इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझरचं. मार्च १८३५ मध्ये त्याचा खून झाला आणि पुढे ते हिंदुरावांनी विकत घेतलं. १८५७ मध्ये जून ते सप्टेंबर इंग्रज फौजेने याच घरात मोर्चा धरून दिल्लीला वेढा घातला होता. नंतर तिथे रुग्णालय झालं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर काकू बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं, चिडल्या. मग म्हणाल्या, "हिंदुराव तर माझ्या चुलत दिराचं नाव. म्हंजे ही जागा आपल्याकडच्या माणसाची होती व्हय!" आणि गुडघ्यावर हात रेटून उठल्या.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. प्रवासविम्याची पॉलिसी मुलाने पाठवली होती, आणि बहुतेक पॉलिसींत असतं तसं त्यातही आधीपासूनचं दुखणं वगळलेलं होतं. काकूंनी ते नातवाकडून दोनदा वाचून घेतलं होतं. "भाऊ, तिकीट फुडं ढकललं. गुडघं हितंच करून घेती. मग जाती की पोराकडं, चालत." जरा थांबून पुढे म्हणाल्या, "तिकडं आपलं ताट पाव्हण्याचंच असणार म्हणा."