वेंगुर्ल्याच्या खडकावरील पाकोळी व तिच्या घरट्यांचे रक्षण

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले बंदरासमोर, अरबी समुद्रात, उघड्या खडकाळ बेटांचा एक लहानसा समूह आहे. नकाशात त्यास ‘वेंगुर्ला रॉक्स’ असे म्हणतात. त्यांतील एका बेटावर दीपगृह आहे. शेती मात्र कोठेही नाही. त्यामुळे ही बेटे निरुपयोगी आहेत, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुतः पक्ष्यांच्या विणीसाठी पश्चिम किनाऱ्यावर अशी स्थळे फार थोडी आहेत. हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय व पाकोळी या पक्ष्यांविषयीची निरीक्षणे 1942 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली होती.

पक्षी बेटच का निवडतात?

मांजर, मुंगूस, साप व कोल्हा हे अंडी-पिलांचे शत्रू समुद्र ओलांडून सहसा येत नाहीत. या निर्धास्तपणामुळेच सुरय पक्षी उघड्या खडकावर, नाममात्र खळग्यात अंडी घालतात. पाकोळी ही चिमणीएवढी, लांब पंखांची व काळपट रंगाची असते. ती गुहेतील काळोख्या भिंतीला अर्ध्या वाटीच्या आकाराचे घरटे चिकटवते. पिसे व काड्या यांसारख्या वस्तू ती स्वतःच्या लाळेने सांधते. घरट्यात बहुधा दोनच अंडी असतात. गुहेच्या अंधारात ती ‘टिक् टिक्’ असा ध्वनी काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून आपला मार्ग ओळखते.

शेतकऱ्याचा संबंध काय?

पाकोळीचे सर्व खाद्य म्हणजे हवेत उडणारे बारीक कीटक होत. ते तिला उजाड खडकावर पुरेसे मिळत नाहीत. त्यासाठी तिला बेट सोडून दूरवर फिरावे लागते. पाकोळ्या आहेत म्हणून पिकाची निगा राखण्याचे कारण नाही, असे मात्र कोणी समजू नये. निसर्गात कीटकांच्या संख्येवर जे अनेक अंकुश असतात, त्यांतील हा एक होय आणि त्याला खर्च काहीच पडत नाही.

घरट्यांची चोरी

लाळेच्या घरट्यांचे सूप चीनमध्ये मौल्यवान मानले जाते. त्यामुळे घरट्यांस मोठी किंमत येते व चोरटा व्यापार चालतो. वेंगुर्ल्याच्या बेटांवरील गुहांतूनही घरटी खरवडून नेली जात असल्याचे 2001 च्या सुमारास उघडकीस आले. त्यानंतर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने पाकोळीच्या रक्षणाचे काम हाती घेतले.

घरटे काढताना अंडी-पिले खाली पडून नष्ट होतात. पाकोळी पुन्हा घरटे बांधू लागते. परंतु त्यात तिची शक्ती व विणीचे दिवस खर्ची पडतात. दुसरेही घरटे गेले तर तो हंगाम वाया जातो. अशी काही वर्षे सलग गेली, तर जुने पक्षी मरतात आणि त्यांची जागा घेण्यास नवे पक्षी उरत नाहीत. गुहा जागेवर राहते. पण ती रिकामी होते.

काय करावे?

1. फेब्रुवारी ते जून या काळात विनाकारण बेटावर उतरू नये. माणूस जवळ आला की सुरय अंडी सोडून उडतात. उन्हाने अंडी तापतात, अथवा कावळे व समुद्रपक्षी ती पळवितात.

2. बेटावर मांजर, कुत्रा वा शेळी कधीही सोडू नये. होडीत उंदीर नाहीत याची खात्री करून घ्यावी. उंदरांची एक जोडीही पुढे वाढून साऱ्या बेटाची वीण बुडवू शकते.

3. तुटकी जाळी व प्लास्टिक बेटावर किंवा समुद्रात टाकू नये. त्यांत पक्षी अडकून मरतात.

4. शिड्या, बांबू व दोर घेऊन अनोळखी माणसे बेटाकडे जाताना दिसल्यास वन विभागास अथवा पोलिसांस त्वरित कळवावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संरक्षित पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना धक्का लावणे हा गुन्हा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती ग्रामसभेत, शाळेत व मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत समजावून द्यावी. बेटाकडे सर्वांत आधी लक्ष जाते ते रोज समुद्रावर जाणाऱ्या होडीवाल्याचे. म्हणून त्याचा सहभाग प्रथम मिळवावा. या कामास बी-बियाणे लागत नाही, कर्जही लागत नाही. विणीच्या काळात बेटास उपद्रव होऊ दिला नाही, तर पुढचे काम पक्षी स्वतःच करतात.