गाण्याला जागा हवी

आज आम्ही हप्त्यांबद्दल किंवा कर्जाबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे रॉक संगीताबद्दल. हसू नका, आधी आम्हीही हसलोच होतो.

झालं असं, की आमच्या गटातल्या एका ताईंची कॉलेजात जाणारी मुलगी गिटार वाजवते. एकदा ती बैठकीत आली आणि म्हणाली, "रविवारी दुपारी समाजमंदिर रिकामंच असतं. आम्ही चौघं तिथे सराव करू का?" आम्ही एका सुरात नाही म्हटलं. कानठळ्या कोण सहन करणार? ती म्हणाली, "मावशी, आधी बघा तरी हे काय असतं." मग पोह्याच्या पापडांची ऑर्डर पोचवायला मुंबईला निघालो, तेव्हा तिलाच सोबत घेतलं. निडीहून पनवेल, तिथून हार्बरने सीएसएमटी. काम आटोपल्यावर तिने आम्हाला पायी फिरवलं.

चालता चालता तिने समजावलं. विजेवर चालणारी गिटार, जाड आवाजाची बेस गिटार, ड्रम आणि गायक मिळून रॉकचा बँड होतो. त्यातला एक प्रकार म्हणजे ग्रंज. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या सिएटल या बंदराच्या शहरात तो वाढला. मोठ्या कंपन्यांच्या ठरीव साच्याबाहेरचं म्हणून अशा संगीताला 'अल्टरनेटिव्ह' म्हणतात. फाटक्या जीन्स आणि तिकडचे लाकूडतोडे घालतात तसे चौकडीचे जाड शर्ट, हाच त्या पोरांचा वेश. गाण्यात एकटेपणा, राग, घरातली मोडतोड. 'निर्वाणा' या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम १९९१ साली आला आणि जगभर गाजला. त्यांचा गायक कर्ट कोबेन लाकडाच्या धंद्यावर जगणाऱ्या अ‍ॅबरडीन गावचा. तो लहान असतानाच आईवडील वेगळे झाले. १९९४ साली, अवघ्या २७व्या वर्षी, त्याने स्वतःचा जीव घेतला. सिएटलमध्ये त्याच्या घराशेजारच्या बागेतल्या बाकांवर लोक आजही त्याच्यासाठी चार शब्द लिहून जातात. हे ऐकून आमच्यातल्या एकीने मुलीचा हात धरला. पोर म्हणाली, "म्हणूनच तर वाजवायचं, मावशी. मनात साठवून ठेवायचं नाही."

पहिला थांबा धोबीतलाव. मेट्रो सिनेमाजवळच्या जेर महाल या जुन्या इमारतीत गोव्याच्या लोकांचे 'कूड' आहेत. कूड म्हणजे एकेका गावच्या माणसांनी मुंबईत राहण्यासाठी चालवलेली सामाईक जागा. आपले कोकणातले चाकरमानी गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत राहायचे, तसंच हे. गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवत. इथेच १८६५ पासूनचं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान आहे.

तिथून जवळच, झेवियर्स कॉलेजच्या बाजूला, रंगभवन हे खुलं नाट्यगृह. १९७८ साली 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला, तो इथे भरायचा. १९८६ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झाला आणि वर्षानुवर्षं रंगभवन हेच त्याचं घर राहिलं. ऑगस्टचा पाऊस, वर छप्पर नाही आणि पोरं भिजत नाचताहेत! १९८४ मध्ये मुंबईत जमलेला 'रॉक मशीन' हा बँड पुढे 'इंडस क्रीड' झाला. परदेशी गाण्यांची नक्कल सोडून स्वतःची गाणी करणाऱ्यांत तो पुढे होता. 'पेंटाग्राम'चा गायक विशाल ददलानी तर आज हिंदी सिनेमाचा संगीतकार म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

मग रंगभवनातला हा आवाज बंद का झाला? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरू लागलं. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रंगभवनाजवळच कामा हॉस्पिटल आहे, १८८६ पासूनचं, खास बायका-मुलांसाठी. त्याच्या भिंतीकडे बघताना आम्ही गप्प झालो. आत एखादी ओली बाळंतीण पडली असेल, तिला झोप हवी. आणि बाहेरच्या पोरांना गायला जागा हवी. दोघांचंही खरंच आहे. बाळंतिणीला झोप मिळाली ते बरंच झालं. पण पोरांना तशी दुसरी जागा कुणी दिली नाही.

पुढे काळा घोडा. इथलं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान पिढ्यान्‌पिढ्या चाललं. गाणी मोबाइलवर आली आणि २०१६ मध्ये त्याला कुलूप लागलं. कुलाब्यात १९७२ साली 'स्लिप डिस्क' या डिस्कोत जगप्रसिद्ध 'लेड झेपेलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट वाजवून गेले होते. ती डिस्कोही आता नाही.

परतीच्या गाडीत आमच्यातल्या सर्वांत थोरल्या काकू बोलल्या, "आपलं तरी काय राहिलंय?" आपल्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नसे. आता मांडवात डीजे लागतो आणि तिचा आवाज तिच्या शेजारणीलाही ऐकू येत नाही. जात्यावरच्या ओव्या तर पिठाची गिरणी आली तेव्हाच गेल्या. गाण्याची जागा गेली, की मागोमाग गाणंही जातं, हे आम्हाला मुंबई बघून कळलं.

पुढच्या बैठकीत आम्ही निर्णय घेतला. रविवारी दुपारी तीन ते पाच समाजमंदिर पोरांना मिळेल. खिडक्या लावायच्या, आवाज बेताचा ठेवायचा. शेजारी कुणी आजारी किंवा बाळंतीण असेल, परीक्षा असेल, तर त्या रविवारी सुट्टी. झाडलोट त्यांनीच करायची. आणि एक अट काकूंची: पाच वाजले, की पोरांनी मोबाइल घेऊन धवलारीणबाईंसमोर बसायचं आणि त्यांचे धवले रेकॉर्ड करायचे.

पहिल्या रविवारी आम्ही सगळ्या दाराशी बसलो होतो. आवाज मोठाच होता, खोटं कशाला बोला! पण पाच वाजता तीच पोरं मांडी घालून बसली आणि धवलारीणबाईंनी विचारलं, "कुठून सुरू करू गं?"

मैत्रिणींनो, तुमच्या गावात बायका कुठे गायच्या? ती जागा अजून आहे का? या आठवड्याच्या बैठकीत एकमेकींना नक्की विचारा.