लोककथेतील पात्र आणि वाचन-अक्षमता असलेले मूल

प्राथमिक शाळेत वाचनात मागे पडणाऱ्या मुलास पुष्कळदा एक अक्षरच नाव म्हणून मिळते. ते अक्षर म्हणजे 'ढ'. ज्यास अक्षर ओळखणेच दुष्कर, त्यास अक्षरानेच हिणवावे, यासारखा दैवदुर्विलास नाही. हे नाव एकदा चिकटले की मूल प्रथम वाचनाचा तास टाळू लागते, पुढे शाळाच टाळू लागते; आणि अर्धापूरसारख्या केळी-हळदीच्या मुलखात शाळा सुटलेल्या हातांना काम मिळण्यास विलंब लागत नाही. चौथीपर्यंत असे मूल शाळेत टिकले तरी ते मागच्या रांगेत, मान खाली घालूनच टिकते.

अशा मुलांपैकी काहींची अडचण आळसाची नसते, बुद्धीचीही नसते. तिला इंग्रजीत डिस्लेक्सिया व मराठीत वाचन-अक्षमता असे म्हणतात. या मुलास वर्गात सन्मानाने बसता यावे यासाठी शिक्षकाच्या हाती एक जुने साधन आहे, ते म्हणजे गोष्ट. सर्वांच्या परिचयाची एखादी लोककथा घेऊन तिच्यातील पात्रास ही अडचण आहे असे कल्पावे आणि कथा नव्याने सांगावी. ती कशी सांगावी व कशी सांगू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम अडचणीचे स्वरूप पाहू. १८९६ साली इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, गणितात चांगला होता, खेळात कोणाच्या मागे नव्हता. परंतु स्वतःचे नाव लिहितानाही त्याची अक्षरे मागेपुढे होत. त्यास अनेक वर्षे शिकविणाऱ्या शिक्षकाचा अभिप्राय असा की, सर्व शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत तल्लख ठरला असता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे एका शाळामास्तराचे हे निरीक्षण आजही मार्गदर्शक आहे. पुढील संशोधनाने असे दाखविले की, या अडचणीचे मूळ बहुधा डोळ्यांत नसते. शब्दातील सुटे ध्वनी ओळखणे आणि त्या त्या ध्वनीची अक्षराशी सांगड घालणे, हे मेंदूचे काम येथे संथ व कष्टाचे होते. ही प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यात चालत आलेली आढळते.

देवनागरी लिपीत च, ज, झ यांसारखे थोडे अपवाद वगळता अक्षराचा उच्चार बहुतांशी ठरलेला असतो, ही मराठी मुलाची मोठी सोय आहे. त्यामुळे आपल्याकडील असे मूल पुष्कळदा बरोबर वाचते, परंतु फार हळू वाचते. तरीही आपल्या लिपीचे स्वतःचे अडथळे आहेतच. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांचे आकार जवळचे आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना ती नंतर येते. 'सर्प' शब्दातील र उच्चारात प च्या आधी, पण लिहिताना प च्या डोक्यावर. जोडाक्षर आले की असे मूल थबकते, अथवा पहिले अक्षर पाहून उरलेल्या शब्दाचा तर्क करते.

आता लोककथेकडे वळू. आपल्या लोककथांतील पात्रे क्वचितच काही वाचतात. चिमणी वाचीत नाही, कावळा वाचीत नाही, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी केवळ जिभेच्या बळावर वाघाला चकविते. म्हणजे लोककथा ही मॉर्गन यांच्या त्या मुलाला हवी होती तशी सर्वस्वी तोंडी शाळाच होय. तेथे वाचन-अक्षमता कोणास दिसणारच नाही, कारण जेथे अक्षर नाही तेथे ही अडचणही नाही. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पात्रास ही अडचण द्यावयाची तर कथेत एखादी लिहिलेली वस्तू आणली पाहिजे, मग ती पाटी असो, चिठ्ठी असो वा पोत्यावरील नाव असो. आणि पात्राचे मूळचे चातुर्य जसेच्या तसे राखले पाहिजे, कारण अक्षर अडले म्हणून बुद्धी अडत नाही, हेच तर मुलांना कळावयाचे आहे.

जुन्या कथेत असा बदल करणे योग्य काय, असा प्रश्न कोणी करील. तथापि लोककथा मुळात बदलतच आलेली आहे. शेणाच्या व मेणाच्या घरांची गोष्ट तेराव्या शतकातील लीळाचरित्रात येते, तेथे कावळ्याच्या जोडीला साळई आहे. आज घरोघरी तेथे चिमणी आहे. सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याकडे पाहून गोष्ट सांगितली, म्हणूनच ती टिकली.

नमुन्यादाखल भोपळ्यातील म्हातारीची कथा पुढीलप्रमाणे सांगता येईल.

म्हातारी लेकीकडे राहून चांगली धष्टपुष्ट झाली आणि परत निघाली. लेकीने तिला भोपळ्यात बसविले आणि भोपळा ढकलावयास आपली मुलगी गोदी हिला सोबत दिले. गोदी तिसरीत होती. आजीची सारी कोडी तिला तोंडपाठ, वाऱ्याच्या वासावरून पाऊस सांगणारी, हिशेबात पक्की. पण पुस्तक उघडले की तिची जीभ अडखळे. वाटेत कोल्हा भेटला. गोदीने त्याला असे कोडे घातले की तो उत्तर शोधीत तेथेच बसून राहिला. पुढे वाटेला दोन फाटे फुटले. प्रत्येक फाट्यावर एक लाकडी पाटी होती व तिच्यावर अक्षरे कोरलेली होती. एका पाटीवर 'वन' आणि दुसरीवर 'बन'. वनात वाघ बसला होता. केळीच्या बनातून घरची वाट होती.

गोदी दोन्ही पाट्यांकडे पाहत उभी राहिली. भोपळ्यातून आजीने विचारले, "काय गं, थांबलीस का?" गोदी म्हणाली, "आजी, दोन्ही पाट्या मला सारख्याच दिसतात. मला वेळ लागेल." झाडीतून वाघ हसला. "एवढं साधं वाचता येत नाही? ये, ये, इकडूनच ये." आजी म्हणाली, "घाई कशाची, माय? वाघ काही आपला पाव्हणा न्हाई. तू सावकाश बघ."

तेव्हा गोदीला गुरुजींनी शिकविलेली खूण आठवली. ती पहिल्या पाटीजवळ गेली आणि कोरलेल्या अक्षरावरून तिने बोट फिरविले. अक्षराचे पोट रिकामे होते. "पोट रिकामं, ओठ उघडे. व." मग ती दुसऱ्या पाटीजवळ गेली. बोट फिरता फिरता पोटातल्या तिरप्या रेघेवर अडले. "पोटात रेघ, ओठ मिटले. ब. ब, न. बन!" तिने भोपळा बनाकडे वळविला. वाघ वाट पाहत राहिला. पुढच्या फाट्यावर पुन्हा पाट्या होत्या. गोदी पुन्हा थांबली, पुन्हा बोट फिरविले, पुन्हा वेळ लागला. दिवस मावळता दोघी घरी पोहोचल्या. त्या दिवसापासून आजी रोज संध्याकाळी गोदीकडून एक ओळ वाचून घेई. गोदी हळूच वाची, आणि आजीला कधी घाई नसे.

या कथेत काही गोष्टी हेतुपूर्वक केल्या आहेत. व आणि ब ही जोडी निवडली, कारण त्यांचे आकारही जवळचे व ध्वनीही जवळचे. गोदीची खूण डोळा, बोट, ओठ आणि कान यांना एकत्र आणते. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविण्याची माँटेसरी यांची पद्धती आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या कार्यामुळे परिचित झाली. वाचनात अडलेल्या मुलांसाठी अमेरिकेत ग्रेस फर्नाल्ड यांनीही शब्द बोटाने गिरविण्यावर भर दिला. तेव्हा कथेतील खूण ही जादू नव्हे. दुसऱ्या दिवशी वर्गात वाळूच्या ताटलीत ती सर्वांना करून पाहता येते.

दुसरे असे की, कथेच्या शेवटी गोदी झरझर वाचू लागत नाही. परीच्या कांडीने अडचण नाहीशी झाली, असा शेवट सांगितल्यास वर्गातील खऱ्या गोदीने काय समजावे? तिच्याकडे तर कोणतीच परी येत नाही. वाचन-अक्षमता बहुधा जन्मभर सोबत राहते; योग्य शिकवणीने वाचन सुधारते, पण त्यास काळ लागतो. कथेने हा काळ मुलास दिला पाहिजे. म्हणूनच या कथेत गोदीच्या बोटाइतकेच आजीच्या धीराला महत्त्व आहे.

तिसरी सावधगिरी अशी की, अडचणीच्या मोबदल्यात पात्रास अलौकिक शक्ती देऊ नये. अमेरिकन लेखक रिक रायर्डन यांनी ही अडचण असलेल्या आपल्या मुलासाठी ग्रीक पुराणकथांवर एक कथा रचली व ती २००५ साली पुस्तकरूपाने आली. तिच्या नायकास इंग्रजी वाचता येत नाही, कारण देवाचा पुत्र असल्यामुळे त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक भाषेसाठी घडलेला आहे. बापाने मुलाला दिलेला हा दिलासा सुंदर आहे. परंतु आपल्या वर्गातील मुलास सहज वाचता येईल अशी दुसरी लिपी कोठेही दडलेली नाही. त्यास देवनागरीच शिकावयाची आहे. २००७ सालच्या 'तारे जमीं पर' या चित्रपटाने मुंबईतील एका मुलाची व पाचगणीच्या निवासी शाळेतील त्याच्या चित्रकला-शिक्षकाची कथा घरोघरी नेली आणि अनेक पालकांस ही अडचण प्रथमच कळली, हे त्याचे मोठे कार्य. तरी त्यातील मुलगा असामान्य चित्रकार आहे व शेवटी स्पर्धेत पहिला येतो. अडचण असलेले प्रत्येक मूल चित्रकार नसते. गोदी हिशेबात पक्की आहे, एवढे पुरे. आणि ती कशातही पक्की नसती, तरीही तिला सावकाश वाचू देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होते.

कथा सांगताना शिक्षकाने विशिष्ट मुलाकडे पाहू नये, बोट दाखवू नये, 'आपल्या वर्गातही अशी एक गोदी आहे' असे चुकूनही म्हणू नये. पात्राचे नाव वर्गातील कोणाचे नसावे. कथेनंतर प्रश्न विचारावा तो असा : गोदीने 'मला वेळ लागेल' असे सांगितले नसते आणि घाईने वाट निवडली असती तर काय झाले असते? या प्रश्नातून मुले स्वतःच अशा निष्कर्षास येतात की, अडल्यावर अडलो असे सांगणे हे शहाणपणाचे आहे. हसणे हे वाघाचे काम आहे, हेही त्यांना न सांगता कळते. पुढे कोणी वाचताना अडखळला की 'सावकाश बघ' हे आजीचे वाक्य वर्गाचे वाक्य व्हावे. ज्यास हे धाडस होत नाही, त्यास मोठ्याने वाचावयास अकस्मात उभे करू नये. ओळ आदल्या दिवशी देऊन तयारीस वेळ द्यावा.

गोष्ट ही तपासणी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. पहिलीतील मुले ब-व, घ-ध यांत चुकतातच, त्यात वावगे काही नाही. नांदेड जिल्ह्यात अनेक मुलांच्या घरी बंजारा, उर्दू अथवा तेलुगू बोलली जाते. त्यांचे मराठीत अडणे निराळे असते व ते भाषेच्या सहवासाने सुटते. दृष्टी वा श्रवण यांत दोष आहे काय, दीर्घ गैरहजेरी झाली आहे काय, हे प्रथम पाहावे. हे सारे पाहूनही, नीट शिकवूनही, तिसरीच्या सुमारास मूल साध्या शब्दांशी झगडत असेल व तोंडी उत्तरे मात्र चांगली देत असेल, तर पालकांशी बोलून गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडे त्याची नोंद करावी. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणीमाला मराठीतही आहे व तिच्यात शिक्षकांसाठी प्राथमिक पडताळणीची साधने आहेत. अंतिम निदान मात्र तज्ज्ञांनीच करावयाचे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि ती लवकरात लवकर ओळखून शिकविण्यात योग्य ती उपाययोजना करावी, असे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य सांगितले आहे. प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांस पुढे शालान्त परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी मूल प्रथम चौथीपर्यंत शाळेत आनंदाने टिकावयास हवे, आणि ते सर्वस्वी प्राथमिक शिक्षकाच्या हाती आहे.

गावोगावच्या गोष्टी निराळ्या असतात. कोणी लाकूडतोड्याची घेईल, कोणी ससा-कासवाची. कोठे पाटीऐवजी केळीच्या पेटीवरील नाव असेल, कोठे हळदीच्या पोत्यावरील. शिक्षकबंधुभगिनींनी आपापल्या गावाला साजेल अशी कथा बांधावी. मात्र तीत एक वाचावयाची वस्तू असावी, एक शिकता येण्याजोगी खूण असावी, आणि घाई न करणारे एक माणूस असावे.