एका चेहऱ्याचे हसू दुसऱ्या चेहऱ्यावर

मुखवटा धारण केलेल्या नटाचा चेहरा प्रेक्षकांस दिसत नाही. संगणकाच्या साहाय्याने निर्माण केलेल्या चित्रपटात याच्या उलट घडते: नट पडद्याआड राहतो आणि त्याच्या मुखावरील भाव राक्षसाच्या वा पशूच्या मुखावर उमटतात. हे कसे साधते, ते आता पाहू.

संगणकातील चेहरा म्हणजे असंख्य बिंदू जोडून विणलेली त्रिकोणांची जाळी होय. ती हालविण्यासाठी जोडलेल्या नियंत्रकांच्या मांडणीस 'रिग' म्हणतात. एक नियंत्रक पापणी मिटवितो, दुसरा ओठांचा कोपरा वर ओढतो. प्रत्येकाचे मूल्य सामान्यतः ० ते १ या मर्यादेत बदलते. मानवी चेहऱ्याचे त्रिमितीय सचलन फ्रेडरिक पार्क यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठात करून दाखविले होते.

अडचण येते ती चेहऱ्यांच्या आकारभेदामुळे. समजा, नटाचा डोळा मिटण्यास पापणी १० मिलिमीटर खाली यावी लागते. राक्षसाचा डोळा ३० मिलिमीटर उघडा असेल, तर तेवढ्याच हालचालीने तो दोन-तृतीयांश उघडाच राहील. उलट, बाहुलीचा डोळा ५ मिलिमीटरचा असल्यास पापणी गालात शिरेल. म्हणून अंतर जसेच्या तसे उतरवून चालत नाही.

यावर तीन मार्ग निघाले. २००१ मध्ये जून-योंग नोह व उलरिच न्यूमन यांनी दोन्ही चेहऱ्यांवरील परस्परांशी जुळणारे बिंदू निश्चित करून, तेथील आकार व कल यांना अनुसरून हालचालीची लांबी आणि दिशा बदलून घेतली. २००४ मध्ये रॉबर्ट समनर व योव्हान पोपोविच यांनी बिंदूंऐवजी त्रिकोणांचा विचार केला. मूळ जाळीतील प्रत्येक त्रिकोण किती वळला व किती ताणला, हे काढून तोच बदल दुसऱ्या जाळीतील जोडीच्या त्रिकोणास दिला. मात्र शेजारचे त्रिकोण परस्परांपासून सुटू नयेत, असा मेळ गणिताने घातला. या रीतीने घोड्याची दौड उंटाच्या अंगीही उतरविता आली.

तिसरा मार्ग अर्थाचा आहे. पॉल एकमन व वॉलेस फ्रीसन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची क्रमांकवार सूची प्रसिद्ध केली. तीत ओठांचे कोपरे वर ओढण्याची क्रिया १२ व्या क्रमांकाची आहे. कलावंत प्रत्येक पात्रासाठी अशा क्रियांचे आकार स्वतंत्रपणे घडवितो. मग नटाकडून केवळ 'क्रिया १२, प्रमाण ०.६' एवढाच निरोप जातो, आणि प्रत्येक चेहरा आपापल्या ठेवणीप्रमाणे हसतो.

तथापि केवळ प्रमाण जुळले म्हणून भाव जुळतोच असे नाही. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना ओठ मिटलेच पाहिजेत. जाड ओठांच्या पात्राचे ओठ किंचित जरी उघडे राहिले, तरी 'मी' हा शब्द कानांस ऐकू येतो, पण डोळ्यांस पटत नाही. ज्यास चोचच आहे, त्याच्या ओठांचे कोपरे कोठे शोधावयाचे? अशा जागी अखेरची दुरुस्ती ॲनिमेटरचा हातच करतो. नटाने जीव ओतून केलेला अभिनय वाटेत हरवू नये, हेच या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन. आणि तो हरवला की नाही, याचा निवाडा गणित नव्हे, तर प्रेक्षकाचा डोळा करतो.