मशीन स्वस्त, मेकॅनिक महाग?

सेलमध्ये वॉशिंग मशीनची किंमत उतरली की आपण खूश! पण त्याच किमतीवर गल्लीतल्या दुकानदाराचं आणि मेकॅनिकचं घर चालतं, त्याचं काय?

रविवारची सकाळ. आठवडाभराचे शर्ट, जीन्स, टॉवेल सगळं मशीनमध्ये कोंबलंय, बटण दाबलंय आणि मशीन नुसतंच ‘टीं टीं’ करतंय. कस्टमर केअरला फोन, मग व्हिजिट चार्ज, मग निदान: ‘पीसीबी गेलाय.’ खर्चाचा आकडा ऐकून तुम्ही मोबाईल उघडता, तर समोर सेल सुरू! नो कॉस्ट ईएमआय, एक्स्चेंज, कार्डावर सूट... आणि तोंडातून ते वाक्य निघतंच, ‘एवढ्यात थोडे घातले तर नवंच येईल की!’

या एका वाक्याने शहरातल्या हजारो मेकॅनिकचं बजेट ठरतं. कोथरूडमध्ये आमच्या बाजूच्या गल्लीत एक काका वॉशिंग मशीन दुरुस्त करतात. त्यांच्या टपरीवजा दुकानात दोन-तीन शनिवार बसले, तेव्हा हे गणित नीट कळलं.

नव्याची किंमत हीच मर्यादा

समजा, नवं टॉप लोड मशीन १८ हजारांना मिळतंय. दुरुस्ती सहा हजारांच्या पुढे गेली की गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागतं, हा काकांचा अनुभव. म्हणजे बिलाचा कमाल आकडा काका ठरवत नाहीत, तो नव्या मशीनची किंमत ठरवते. सेलमध्ये तेच मशीन १५ हजारांवर आलं, तर काकांची मर्यादाही पाचावर येते. पार्टची किंमत, पेट्रोल आणि दुकानभाडं मात्र सेलमध्ये खाली येत नाही! मग कात्री लागते ती मजुरीला.

करांचंही तसंच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा वॉशिंग मशीनवर २८ टक्के कर होता. जुलै २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. आपल्यासाठी झक्कास बातमी. काकांसाठी? वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे मजुरीवर कर लावावा लागत नाही. पण पार्ट विकत घेताना भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. नोंदणी असलेल्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला ती मिळते. एकच पार्ट, पण प्रत्यक्षात दोघांना वेगवेगळ्या भावात पडतो.

दुकानदाराची पंचाईत

स्टिकरवरची एमआरपी कुणीच देत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. खरा खेळ असतो डीलरच्या खरेदी दरात. महिन्याचं टार्गेट गाठलं तर कंपनीकडून स्कीम मिळते, तीही बऱ्याचदा नंतर, क्रेडिट नोटच्या रूपात. शेकडो मशीन्स उचलणाऱ्या चेनला वरचा स्लॅब मिळतो. महिन्याला आठ-दहा मशीन्स विकणाऱ्या दुकानदाराला खालचा. त्यामुळे ऑनलाईन दिसणारा भाव कधी कधी आपल्या खरेदीपेक्षाही कमी असतो, ही छोट्या डीलर्सची जुनी तक्रार आहे.

यावर सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये नियम कडक केले आणि ते १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाईन बाजारपेठांनी मालाच्या किमतीवर थेट किंवा आडून प्रभाव टाकायचा नाही, असं त्यात म्हटलंय. पण कार्डावरची सूट, एक्स्चेंज बोनस यांची बेरीज झाल्यावर गल्लीतला दुकानदार मागे पडतो तो पडतोच. आणि ‘शून्य टक्के व्याज’? अशी काही चीज अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच, फक्त दिसत नाही.

एक्स्चेंजचा आणखी एक फटका आहे. पूर्वी जुनं मशीन त्याच दुकानदाराकडे जायचं. तो ते मेकॅनिकला द्यायचा. त्यातलं एखादं दुरुस्त होऊन बॅचलर पोरांच्या फ्लॅटवर पोचायचं, उरलेल्यांचे पार्ट दुसऱ्या मशीनला लागायचे. आता जुनं मशीन नवं पोचवणाऱ्या टेम्पोतूनच परस्पर निघून जातं.

मशीनही बदललं!

सेमी ऑटोमॅटिकमध्ये होतं काय? टायमर, बेल्ट, कपॅसिटर, ड्रेन व्हॉल्व्ह. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चक्कर मारायची, पार्ट आणायचा, तासाभरात मशीन चालू. फ्रंट लोडमध्ये इन्व्हर्टर मोटर, सेन्सर आणि बोर्ड आले. काही मॉडेल्सचा टब कायमचा सीलबंद असतो. म्हणजे बेअरिंग गेलं तरी अख्खा टब बदला! स्वस्तात बनवायचं तर जोड कमी करायचे, आणि जोड कमी झाले की उघडायची सोय संपली.

काका मात्र हटले नाहीत. ते सोल्डरिंग गन घेऊन बोर्डच दुरुस्त करायला शिकले. अख्खा पीसीबी बदलण्याऐवजी त्यातला जळका रिले बदलतात. गिऱ्हाईकाचे पैसे वाचतात आणि मजुरी काकांच्याच खिशात राहते. पण सर्किटचा नकाशा मिळत नाही, एरर कोडचा अर्थ अंदाजाने लावावा लागतो. मुलगा या धंद्यात येणार नाही, हे ते अगदी सहज सांगून टाकतात.

युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक पार्ट दहा वर्षं उपलब्ध ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. फ्रान्समध्ये तर २०२१ पासून फ्रंट लोड मशीनवर ‘दुरुस्त करायला किती सोपं’ याचे गुण छापायला सुरुवात झाली! आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू केलं. सुरुवात चांगली आहे, पण काकांच्या टेबलावर सर्किटचा नकाशा अजून पोचलेला नाही.

‘बाय नाऊ’ दाबण्याआधी

• मशीन घेतानाच विचारा: बेअरिंग वेगळं बदलता येतं का? पीसीबी केवढ्याला?
• दुरुस्तीचं कोटेशन लेखी घ्या. बदललेला जुना पार्ट परत मागा.
• कंपनीने अख्खा बोर्ड बदलायला सांगितला आणि वॉरंटी संपली असेल, तर एकदा गल्लीतल्या मेकॅनिकला दाखवा.
• दुरुस्तीचा खर्च भागिले मशीन आणखी किती वर्षं चालेल, हा हिशोब करा. सहा हजारांत तीन वर्षं मिळणार असतील तर वर्षाला दोन हजार. नव्याचाही असाच हिशोब मांडा आणि मगच ठरवा.
• व्हिजिट चार्जवरून घासाघीस नको. काकांना सेलचा बोनस मिळत नाही!