झाडीपट्टीची दिवाळी होळीपर्यंत चालते

पुण्या-मुंबईकडची दिवाळी भाऊबिजेला संपते. फराळाचे डबे तळ गाठतात, आकाशकंदील पुन्हा माळ्यावर चढतो आणि माणसे आपापल्या कामाला लागतात. महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या टोकाला मात्र नेमकी याच सुमारास एक दुसरी दिवाळी सुरू होते आणि ती थेट होळीपर्यंत पुरते. ही दिवाळी नाटकांची असते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे जंगल. धान कापून झाले, हातात चार पैसे आले, की गावोगाव मंडई भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक, असा इथला जुना रिवाज. नाटकाच्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे येतात. सासरी गेलेल्या मुली येतात, नागपूरला कामाला गेलेले मुलगे येतात, आणि पाहुण्यांच्या या गर्दीत एखादी सोयरीकही जुळून जाते. नाटक हे इथे करमणुकीचे साधन तर आहेच. पण माहेरपण, यात्रा आणि नातेसंबंध या सगळ्यांना धरून ठेवणारी ती खुंटी आहे.

मी नागपूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या वर्गात दरवर्षी या मुलखातली दहा-बारा मुले-मुली असतात. त्यांच्या आग्रहावरून मी प्रथम झाडीत नाटक पाहायला गेलो आणि मग जातच राहिलो. आज लिहायचे आहे ते या रंगभूमीविषयी, आणि तिने जे केले ते आम्ही शिक्षकांनी का केले नाही याविषयी.

तिकीट काढून पाहिलेली संस्कृती

या रंगभूमीचा कारभार मोठा पाहण्यासारखा आहे. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे तिचे मुख्य ठाणे. रेल्वेचे हे लहानसे गाव हंगामात नाटक मंडळ्यांच्या पाट्यांनी भरून जाते. खेड्यातली तरुण मुले एकत्र येऊन मंडळ करतात, वडशाला जाऊन नाटक ठरवतात, तारीख पक्की करतात, मांडव घालतात, गावोगाव जाहिरात करतात आणि तिकिटे विकतात. गल्ला जमला तर चार पैसे गावाच्या कामाला उरतात. पाऊस पडला किंवा शेजारच्या गावी त्याच रात्री मोठे नाटक लागले, तर पदरचे भरावे लागतात.

पडदा वर जायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात आणि तो शेवटचा पडतो तेव्हा पूर्वेला उजाडू लागलेले असते. रंगमंचापाशी ऑर्गन आणि तबला. नट स्वतः गातात. नाटक बहुधा कौटुंबिक किंवा सामाजिक: हुंडा, दारू, भाऊबंदकी, कर्जात बुडालेला शेतकरी. मध्येच विनोदी पात्र येऊन मांडव डोक्यावर घेते, मध्येच एखादी लावणी होते. कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून, पोरे मांडीवर घेऊन बायाबापड्या पहाटेपर्यंत हलत नाहीत. शहरातल्या नाट्यगृहात दुसऱ्या अंकानंतर घड्याळाकडे पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे एकदा तरी पाहावे.

या वृक्षाची मुळे जुनी आहेत. दंडार आणि खडी गंमत हे झाडीतले पूर्वापारचे लोकनाट्यप्रकार. त्यांत गावातलेच गडी नाचत, गात आणि स्त्रियांची सोंगेही तेच घेत. पुढे याच मातीत संगीत नाटकाचे कलम लागले आणि त्याला आलेले फळ पूर्णपणे झाडीचे झाले.

संकटे आली नाहीत असे नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. पट नाही तर पाहुणे नाहीत आणि पाहुणे नाहीत तर नाटकाला प्रेक्षक कुठले, अशी काळजी गावोगाव बोलली जाऊ लागली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत बैल गोठ्यात राहिले, पण नाटक थांबले नाही. करोनाच्या काळात तेही थांबले आणि साथ ओसरताच पुन्हा उभे राहिले. याच रंगभूमीवर उभा जन्म घालवलेले गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या अनेकांनी झाडीपट्टी हे नावच प्रथम ऐकले.

प्रादेशिक अस्मिता जपा, असे व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ असतात. झाडीपट्टीने ती तिकीट काढून जपली. जी कला माणसाच्या पोटाला आणि सणाला बांधलेली असते तिला संग्रहालयात ठेवावे लागत नाही, हा या रंगभूमीचा पहिला धडा.

नायकाची भाषा आणि गड्याची भाषा

पण चार-पाच नाटके पाहिल्यावर एक गोष्ट मला खुपू लागली. मी पाहिलेल्या बहुतेक प्रयोगांत नायक, नायिका, डॉक्टर, कलेक्टर हे सारे पुस्तकी मराठी बोलत. झाडीची बोली असे ती विनोदी गड्याच्या तोंडी. तो बोलला की मांडव हसे. हसणारे प्रेक्षक घरी तीच बोली बोलत होते!

असे का व्हावे? उत्तर शोधायला मला वडशाला परत जावे लागले नाही. ते माझ्या वर्गातच बसलेले होते, शेवटच्या बाकावर. साकोलीकडची एक हुशार मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नसे. कारण विचारले तेव्हा म्हणाली, “सर, मी ‘पानी’ म्हटलं की सगळे हसतात.” झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, लोणी ते लोनी, डोळा तो डोरा. हा उच्चाराचा एक नियम आहे आणि तो त्या मुलखात सगळीकडे सारखा पाळला जातो. भाषाशास्त्रात याला भेद म्हणतात. आमच्या शाळांत त्याला चूक म्हणतात आणि वहीत लाल रेघ मारतात. लहानपणापासून ज्या बोलीवर लाल रेघ पाहिली, ती बोली मोठेपणी नायकाच्या तोंडी कोण घालील?

डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास करून तिच्या साहित्याची चळवळ उभी केली, तिची साहित्य संमेलने भरली, कविता आणि कथा लिहिल्या गेल्या. पण ही सगळी धडपड वर्गाच्या दाराशी येऊन थांबते.

सुट्टीचा अभ्यास

चार-पाच वर्षांपूर्वी मी दिवाळीच्या सुट्टीसाठी एक साधा अभ्यास देऊ लागलो. आपापल्या घरी जा, आजीला किंवा शेतावरच्या माणसाला विचारा आणि पाठ्यपुस्तकात नसलेले वीस शब्द वाक्यासह लिहून आणा. शहरातल्या मुलांची यादी सात-आठ शब्दांत संपली. झाडीतल्या मुलांच्या वह्या भरून आल्या.

आपण ‘भाताचे रोप’ म्हणतो. त्यांचे ते पऱ्हे. पऱ्हे उपटून चिखलात लावायची ती रोवणी. बांध घातलेला शेताचा तुकडा ती बांधी, आणि कापून शेतात पसरलेले धान ती कडपा. मळणीपूर्वी रचून ठेवलेला ढीग ते पुंजणे. लहानसे तळे ती बोडी. एका वर्तमानपत्राची बातमी मी वर्गात वाचून दाखवली: अवकाळी पावसाने कडपा भिजल्या. नागपूरच्या मुलांना ती कळेना. तेव्हा शेवटच्या बाकावरची ती मुलगी उठली आणि तिने कडपा आणि पुंजणे यांतला फरक समजावून सांगितला. कडपा भिजली तर धान शेतातच उगवून येते, पुंजणे पेटले तर वर्षाचे अन्न एका रात्रीत जाते. दहा मिनिटे ती बोलत होती. ‘पानी’ हा शब्द तिने पाच-सहा वेळा उच्चारला. कोणी हसले नाही, कारण सगळे लिहून घेत होते.

एका पालकांनी मात्र मला स्पष्टच विचारले, “सर, आम्ही असंच बोलत राहिलो म्हणून इथंच राहिलो. आता पोरीला तुम्ही पुन्हा तेच शिकवता?” प्रश्न रास्त आहे. प्रमाण मराठी तिला उत्तम आलीच पाहिजे. अर्ज, मुलाखत, परीक्षा यांची भाषा तीच आहे. पण नवी भाषा येण्यासाठी जुनीची लाज वाटणे ही अट कशाला? दोन्ही पायांवर चालणारा माणूस लंगडत नाही.

मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीत ते नवेगावबांधच्या जंगलात राहिले आणि तिथल्या माणसांच्या तोंडची पाखरांची, झाडांची नावे त्यांनी आदराने टिपून घेतली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, पण त्यांनी वेचलेल्या शब्दांनी मराठी श्रीमंत झाली. बाहेरून आलेल्या वनाधिकाऱ्याला जे साधले ते गावातल्या शाळेला का साधू नये?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झालाच. पण हा मान ताम्रपटांपुरता ठेवायचा, की पऱ्ह्यांपर्यंत आणि कडपांपर्यंत न्यायचा, हे आपल्या हाती आहे. त्यासाठी फार मोठ्या योजना नकोत. झाडीतल्या शाळेने दंडारीच्या जाणत्या म्हाताऱ्याला वर्षातून एकदा वर्गात बोलवावे. महाविद्यालयांनी नाटकांच्या संहिता जमवाव्यात. हंगाम संपला की त्यांची हस्तलिखिते कुठल्या कुठे जातात. आणि शिक्षकांनी वहीतला ‘पानी’ खोडण्याऐवजी शेजारी ‘पाणी’ लिहावे, म्हणजे मुलाला दोन्ही दिसतील.

वाचकहो, तुमच्या घरातही अशी एखादी बोली आजीबरोबर निवृत्त झालेली असेल. मालवणी असेल, अहिराणी असेल, माणदेशी असेल. या सुट्टीत मुलांना तिचे वीस शब्द विचारून घ्यायला सांगा. आणि थंडीत सवड काढता आली, तर वडशाकडे एखादे नाटक पाहून या. घोंगडी मात्र बरोबर न्या. तिथली रात्र लांब असते आणि कोणी मधून उठत नाही.