पॅकेजच्या नावामागची ‘टी६४’ ही शेपटी

शाळेच्या संगणक कक्षात डेबियन १३ किंवा उबुंटू २४.०४ ही प्रणाली असेल, तर विद्यार्थ्यांना एक छोटे काम सांगून पाहावे. संगणकावर बसवलेल्या सर्व पॅकेजांची यादी काढायची आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी रोमन ‘टी’ व त्यापुढे ६४ हा आकडा आहे, अशी नावे मोजायची. लिबएसएसएल३टी६४, लिबकप्स२टी६४ अशी बरीच नावे निघतील. आता डेबियन १२ किंवा उबुंटू २२.०४ असलेल्या जुन्या संगणकावर हीच यादी काढावी. तेथे लिबएसएसएल३ आहे, लिबकप्स२ आहे, पण शेपटी नाही. पॅकेज तेच, काम तेच, मग नाव का बदलले?

या प्रश्नाच्या मागे लागलो की आपण एका अशा कामापाशी पोचतो, ज्याची पाठ्यपुस्तके फारशी दखल घेत नाहीत. हजारो माणसांनी आपापल्या ठिकाणी बसून लिहिलेल्या आणि एकमेकींच्या आधाराने चालणाऱ्या आज्ञावल्यांपैकी तळाची एखादी बदलायची आणि वरच्या कोसळू द्यायच्या नाहीत, असे ते काम आहे.

सुरुवात एका गणितापासून करू. युनिक्स घराण्यातल्या प्रणाली वेळ मोजतात ती एकाच आकड्याने: १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले. अनेक वर्षे हा आकडा ३२ बिटांत ठेवला जात असे. त्यांतला एक बिट धन-ऋण चिन्हासाठी गेला की उरतात ३१. म्हणजे मावणारी सर्वांत मोठी संख्या दोनच्या ३१ व्या घातापेक्षा एकाने कमी, २,१४,७४,८३,६४७. इतके सेकंद म्हणजे २४,८५५ दिवस, ३ तास, १४ मिनिटे आणि ७ सेकंद. १९७० पासून ६८ वर्षांत १७ लीप वर्षे येतात, तेव्हा २४,८३७ दिवस संपतात २०३८ च्या आरंभी. उरले १८ दिवस. ही मुदत संपते १९ जानेवारी २०३८ रोजी, ग्रिनिच वेळेने पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी. भारतात त्या वेळी सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे झालेली असतील. वार मंगळवार. (वार कसा काढला, हे नववीच्या मुलांना शोधू द्यावे. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता, एवढे सांगितले की पुरे.)

पुढच्या सेकंदाला काय होईल? आकडा चिन्हाच्या बिटात सांडेल, ऋण होईल आणि अशा संगणकाला वाटेल की आज १३ डिसेंबर १९०१ आहे.

उपाय सोपा दिसतो. ३२ ऐवजी ६४ बिट घ्या, की सुमारे २९,२०० कोटी वर्षांची सोय झाली. विश्वाचे आजवरचे वय आहे १,३८० कोटी वर्षे. आज आपण वापरतो ते बहुतेक संगणक ६४ बिटांचेच आहेत आणि त्यांत वेळेचा आकडाही ६४ बिटांचा आहे. पण ३२ बिटांचे संगणक नाहीसे झालेले नाहीत. यंत्रांच्या पोटात बसवलेले, वर्षानुवर्षे कोणी हात न लावणारे छोटे संगणक बऱ्याचदा ३२ बिटांचे असतात. जुने रास्पबेरी पाय बोर्डही त्यांतलेच. आज बसवलेले यंत्र २०३८ साली चालू असणे अजिबात अशक्य नाही, म्हणून हा बदल आताच करणे भाग होते.

अडचण कोठे आहे ते पाहू. समजा, वर्गशिक्षक एक तक्ता भरतात आणि कार्यालयातले लेखनिक तो वाचून अहवाल तयार करतात. तक्त्याला शीर्षके नाहीत. दोघांत इतकेच ठरले आहे की पहिल्या चार चौकटींत तारीख आणि पुढच्या चार चौकटींत पटसंख्या. एके दिवशी शिक्षकांना सूचना मिळते की उद्यापासून तारखेला आठ चौकटी घ्याव्यात. लेखनिकांना मात्र कोणी काही कळवत नाही. ते आपले पाचव्या चौकटीपासून पटसंख्या वाचत राहतात आणि तारखेचा उत्तरार्ध पटसंख्या म्हणून अहवालात जातो. तक्रार कोणीच करत नाही, कारण त्या जागी आकडा तर मिळालेला असतो.

आज्ञावल्यांचे नेमके असेच असते. अनेक आज्ञावल्यांना लागणारी समाईक कामे, जसे छपाई, सांकेतिक लिपीतला संदेश किंवा चित्र उघडणे, ही ‘लायब्ररी’ नावाच्या वेगळ्या पॅकेजांत ठेवलेली असतात. आज्ञावली आणि लायब्ररी यांच्यात स्मृतीतल्या मांडणीविषयी एक करार असतो: कोणती गोष्ट कितव्या बाइटपासून, किती बाइट. वेळेचा आकडा ४ बाइटांचा होता, तो ८ बाइटांचा झाला की ज्या ज्या नोंदीत तो आहे तिची पुढची सगळी मांडणी सरकते. एका बाजूने नवी मांडणी धरली आणि दुसरी जुन्यावरच राहिली, तर आज्ञावली बंद पडेल, किंवा बंद न पडता चुकीचे काम करत राहील. हा दुसरा प्रकार जास्त घातक, असे आम्हांला वाटते.

सर्वांत तळाच्या दोन थरांनी हा प्रश्न शहाणपणाने सोडवला होता. लिनक्सच्या गाभ्याने जुनी दारे बंद न करता त्यांच्या शेजारी नवी दारे काढली. २०१९ च्या ५.१ आवृत्तीत ती आली आणि २०२० च्या ५.६ आवृत्तीपर्यंत काम बहुतांशी पुरे झाले. आर्न्ड बर्गमन यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यावर बसणाऱ्या ग्नू सी लायब्ररीने २०२१ च्या २.३४ आवृत्तीत तेच केले. जुनी आज्ञावली जुन्या दाराने जाते. नव्याने बांधायची असेल तर बांधताना एक खूण द्यायची, की ती नव्या दाराने जाते. कोणाचे काही मोडत नाही.

पण मधल्या थरातल्या शेकडो लायब्रऱ्यांना अशी दोन दारे नव्हती. त्यांची मांडणी एकच. लायब्ररी नव्या खुणेने बांधली की तिच्यावर उभी असलेली प्रत्येक आज्ञावली पुन्हा बांधावीच लागणार. डेबियन ही जगभरचे स्वयंसेवक मिळून चालवतात अशी लिनक्स प्रणाली. उबुंटूही तिच्याच पायावर उभी आहे. डेबियनमध्ये शोध घेतला तेव्हा वेळेचा हा आकडा सहा हजारांहून अधिक पॅकेजांत सापडला.

येथे नावाचा प्रश्न येतो. डेबियनमध्ये लायब्ररीच्या नावातच कराराचा क्रमांक असतो. लिबएसएसएल३ मधला ३ हा तसाच. मूळ लेखकांनी मांडणी मोडली की त्यांनी क्रमांक वाढवायचा. मग नावे निराळी झाल्याने जुनी आणि नवी लायब्ररी एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदू शकतात आणि आज्ञावल्या सावकाश एकीवरून दुसरीवर जातात. या वेळी मात्र मूळ लेखकांनी काहीच बदललेले नव्हते. बदल होता डेबियनच्या बांधणीत. डेबियनने आपल्या अधिकारात क्रमांक वाढवला असता, तर इतर ठिकाणी बांधलेल्या आज्ञावल्यांशी मेळ सुटला असता, आणि उद्या मूळ लेखकांनी तोच क्रमांक दुसऱ्याच कशासाठी वापरला असता तर गोंधळात भर पडली असती. म्हणून आतल्या फाइलचे नाव तसेच ठेवून फक्त पॅकेजच्या नावाला शेपटी जोडली. नव्या बांधणीची आज्ञावली टी६४ वालीच लायब्ररी मागते आणि जुनी आज्ञावली शेपटी नसलेली मागते. चुकीची जोडी जुळण्याची शक्यताच उरत नाही.

याची किंमतही होती. आतली फाइल एकाच नावाची असल्यामुळे जुने आणि नवे पॅकेज एका संगणकावर एकत्र राहू शकत नाहीत. एक आले की दुसरे गेले पाहिजे, आणि दुसरे गेले की त्याच्यावरचे सारे गेले पाहिजे. त्या दिवसांत डेबियनची चाचणीपूर्व शाखा वापरणाऱ्यांपैकी अनेकांना एखादे साधे पॅकेज अद्ययावत करताना ‘अर्धा डेस्कटॉप काढून टाकू का?’ अशा अर्थाचा प्रश्न संगणकाने विचारला. शहाण्यांनी ‘नको’ म्हटले आणि काही दिवस वाट पाहिली.

या शाखेचे नाव ‘सिड’. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या पात्रांची नावे देतात, आणि सिड हा त्यातला शेजारचा, खेळणी मोडणारा मुलगा. नवे पॅकेज प्रथम येथे येते. त्यानंतरची शाखा ‘टेस्टिंग’, जिच्यातून पुढे पक्की आवृत्ती निघते. या दोहोंच्या मध्ये ‘ब्रिटनी’ नावाची एक आज्ञावली पहारा करते. कोणतेही पॅकेज पुढे सोडण्यापूर्वी ती एक हिशेब करते: हे आत घेतले तर आधी बसवता येत असलेले दुसरे एखादे पॅकेज बसवता येईनासे होईल काय? होत असेल तर ते थांबते. अशी अडलेली पॅकेजे बहुधा एकमेकांत गुंतलेली असतात. एकटे कोणीच पुढे जाऊ शकत नाही, सगळा घोळका एकदम गेला तरच जमते. मग त्या घोळक्यातले शेवटचे पॅकेज बांधून होईपर्यंत बाकीच्यांनी ताटकळायचे. मोठा बदल हाती घेण्यापूर्वी म्हणूनच प्रकाशन गटाला विचारावे लागते. दोन मोठे घोळके एकमेकांत अडकले तर दोन्ही खोळंबतात.

वेळेच्या बदलाचा घोळका नेहमीपेक्षा फारच मोठा होता. प्रथम कोणत्या लायब्रऱ्यांची मांडणी खरोखर सरकते हे शोधले गेले. प्रत्येकीची बाह्य व्याख्या जुन्या आणि नव्या खुणेने तपासून फरक काढायचा. ज्यांची तपासणी यंत्राने झाली नाही, त्यांनाही खबरदारी म्हणून बाधित धरले. त्यानंतर नव्या नावाची पॅकेजे आधी प्रायोगिक विभागात ठेवून पाहिली आणि फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस ती सिडमध्ये येऊ लागली. स्टीव्ह लँगासेक यांनी या कामाची आखणी आणि पाठपुरावा केला.

खरी कोंडी ३२ बिटांच्या एआरएम यंत्रांवर झाली. पॅकेज बांधायला साधने लागतात, साधनांना लायब्रऱ्या लागतात, आणि त्या लायब्रऱ्याच तर नव्याने बांधायच्या होत्या. कोंबडी आधी की अंडे? अशा जागी काही पॅकेजे हाताने, तात्पुरत्या जोडण्या करून बांधावी लागली आणि मग त्यांच्या आधाराने बाकीची. ६४ बिटांच्या यंत्रांवर मांडणी बदललीच नव्हती. पण पॅकेजचे नाव सर्व यंत्रांवर एकच हवे, म्हणून शेपटी त्यांनाही मिळाली. तेथे नव्या पॅकेजने ‘मीच ते जुनेही’ असे जाहीर केले, म्हणजे जुन्या आज्ञावल्या अडल्या नाहीत. आपल्या संगणक कक्षातल्या यादीत दिसते ती शेपटी बहुधा याच प्रकारची, म्हणजे केवळ नावापुरती!

एका घराला मात्र मुद्दाम वगळले: इंटेलच्या जुन्या ३२ बिटांच्या प्रकाराला. आज त्याचा मुख्य उपयोग जुने खेळ आणि मूळ संहिता उपलब्ध नसलेल्या जुन्या आज्ञावल्या चालवणे हा आहे. ज्या आज्ञावलीची संहिताच हाती नाही ती पुन्हा बांधणार कशी? तिच्याखालची मांडणी बदलणे म्हणजे ती कायमची बंद करणे. म्हणून तेथे जुनीच मांडणी ठेवली गेली आणि २०३८ ची मुदतही तशीच राहिली. हा निर्णय आम्हांला प्रामाणिक वाटतो. सर्वांना वाचवल्याचा देखावा त्यात नाही.

सगळीकडे इतका खटाटोप करतात असे नाही. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारात प्रत्येक लेखक आपापले पॅकेज स्वतंत्रपणे ठेवतो. आवृत्तीचा आकडा तीन भागांचा असतो. पहिला भाग वाढला तर मांडणी मोडली असे समजायचे, दुसरा वाढला तर नवी सोय आली, तिसरा वाढला तर दुरुस्ती झाली. हे लेखकाचे वचन झाले, आणि आपण वचन मोडले हे कित्येकदा त्यालाच ठाऊक नसते. २२ मार्च २०१६ रोजी तेथे अकरा ओळींचे एक पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले. मजकुराच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. पण त्याच्यावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे असे करत मोठमोठे प्रकल्प उभे होते आणि त्यांची बांधणी जगभर अडली. काही तासांतच ते पॅकेज परत ठेवण्यात आले, आणि ज्यावर इतर अवलंबून आहेत असे पॅकेज मनाला येईल तेव्हा काढून घेण्यावर नंतर निर्बंध आले. एनपीएमची रीत वेगवान आहे यात शंका नाही. डेबियनमध्ये ब्रिटनीचा हिशेब जुळेपर्यंत आठवडेच्या आठवडे जातात, आणि तेवढा काळ कोणाचे ना कोणाचे काम अडून राहते.

डेबियन १३ ही आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे सत्तर हजार पॅकेजे आहेत आणि वर सांगितलेला एक अपवाद सोडला तर सर्व यंत्रांवर वेळेचा आकडा ६४ बिटांचा आहे. स्टीव्ह लँगासेक यांना ती पाहता आली नाही. १ जानेवारी २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

ही शेपटी कायमची नाही. एखाद्या लायब्ररीच्या मूळ लेखकांनी काही कारणाने कराराचा क्रमांक वाढवला की नवे नाव आपोआप निराळे होते आणि टी६४ ची गरज उरत नाही. म्हणून संगणक कक्षातली मोजणी दर वर्षी करून फळ्यावर तिचा आलेख काढता येईल. आकडा हळूहळू कमी होत जावा. काही लायब्रऱ्या मात्र इतक्या स्थिर आहेत की त्यांचा क्रमांक वर्षानुवर्षे बदलत नाही. १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी त्यांच्या नावामागे ही शेपटी बहुधा असेलच.